पोस्ट न निघालेल्यांची गोष्ट

(तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय चालवणाऱ्या ग्रंथपालबाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा मेन्सपर्यंत गेलो, पण पोस्ट निघाली नाही. पूर्वी कादंबऱ्या भरपूर वाचायचो, आता चाळीस-पन्नास पानांपुढे जात नाही. रात्री मेसवरून आलो की मोबाईलवर वेबकॉमिक्स वाचत पडतो आणि मग वेळ वाया घालवला म्हणून मन खात राहतं. तुम्ही सध्या काय वाचताय? माझ्यासारख्याने काय वाचावं?

उत्तर : माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि याच वाटेवर आहे, म्हणून तुला ‘तू’ म्हणते.

गेल्या पावसाळ्यात मी ‘मिसेंग’ हे कोरियन वेबकॉमिक इंग्रजीतून वाचून काढलं आणि ते संपल्यावर कपाटातून ‘कोसला’ पुन्हा बाहेर काढली. तुझं पत्र आलं तेव्हा ही दोन्ही पुस्तकं डोक्यात घोळतच होती. आधी तुझ्या मोबाईलवरच्या पुस्तकाबद्दल बोलते.

‘मिसेंग’चा लेखक आणि चित्रकार एकच, युन ते-हो. पहिला भाग २०१२-१३मध्ये कोरियातल्या डाउम या पोर्टलवर क्रमशः आला. नायक जांग ग्युरे लहानपणापासून ‘गो’ शिकलेला. कोरियात या खेळाला बाडुक म्हणतात. एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघांचा पट, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, आणि एकदा ठेवलेली सोंगटी दुसरीकडे सरकवायची सोय नाही. शाळा, मित्र सगळं बाजूला ठेवून पोरगा व्यावसायिक खेळाडू व्हायला निघतो आणि होत नाही. मग किरकोळ कामं, लष्करातली सक्तीची नोकरी, आणि शेवटी ओळखीने एका मोठ्या व्यापारी कंपनीत इंटर्नशिप. कॉलेजची डिग्री नाही. आजूबाजूचे सगळे उत्तम विद्यापीठांतून आलेले, परदेशी भाषा बोलणारे. याच्याकडे सांगण्यासारखं एकच, आणि तेही सांगायची चोरी, कारण त्यात तो हरलेला आहे.

त्यातला एक प्रसंग तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या विभागातला एक इंटर्न डिंक मागायला ग्युरेच्या टेबलापाशी येतो. त्या चिकटवाचिकटवीत ग्युरेच्या विभागाचा एक कागद त्याच्याबरोबर जातो आणि बाहेर पडतो. नेमका तो वरच्या साहेबाच्या हाती लागतो. बोलणी खातो ग्युरेचा साहेब, ओ सांग-शिक, आणि तो सगळा राग ग्युरेवर निघतो. खरं काय ते नंतर कळतं. कोणी माफी मागत नाही. पण रात्री दारू पिऊन परतताना ओ साहेबाला दुसऱ्या विभागाचा माणूस भेटतो, तेव्हा तो त्याच्यावर डाफरतो, की तुमच्या पोराने डिंक लावून कागद पाडला आणि बोलणी आमच्या पोराला बसली. ग्युरे शेजारीच उभा आहे. ‘आमचा पोरगा.’ तोवर त्या इमारतीत त्याला कोणीही आपलं म्हटलेलं नसतं. मी ती चित्रं बोटाने वर सरकवली आणि पुन्हा खाली आणली. पुन्हा वर. परीक्षेत नाव न आलेल्या पोराला नेमकं काय हवं असतं हे इतक्या थोड्या जागेत दाखवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

रचनेचीही एक गंमत आहे. पहिल्या भागात १४५ प्रकरणं आहेत. १९८९मध्ये सिंगापूरला ‘गो’च्या पहिल्या इंग चषक स्पर्धेच्या अंतिम फेरीचा पाचवा, निर्णायक डाव झाला, कोरियाचा चो हुन-ह्यन विरुद्ध चीनचा न्ये वेइफिंग. तो डाव १४५ खेळ्यांत संपला आणि चो जिंकला. त्या स्पर्धेत कोरियातून बोलावलेला तो एकटाच खेळाडू होता. युनने प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्या डावाची एकेक खेळी ठेवली आहे. गो मला अजूनही खेळता येत नाही. तरी खेळीवरची टिप्पणी वाचून खालचं ऑफिसातलं राजकारण वाचताना लक्षात येतं, की जे शिकून हा पोरगा ‘नापास’ झाला त्याच नजरेने तो आता माणसं बघतो. समोरचा घाईत आहे की दबा धरून बसलाय, हे त्याला कळतं.

मधली काही प्रकरणं मला जड गेली. निर्यातीची कागदपत्रं, पतपत्रं, फार आहे ते. पण कंपनीतल्या बायकांचं त्याने जे लिहिलंय, पुरुष वरिष्ठांकडून रोज पाणउतारा सोसणारी हुशार मुलगी, मूल आणि नोकरी यांत ओढली जाणारी अधिकारी बाई, ते वाचताना मी दोनदा फोन खाली ठेवला.

आणि शेवट. सांगून टाकते, कारण तो कळल्याने काही बिघडत नाही. ग्युरेला कंपनी कायम करत नाही. कंत्राट संपतं आणि तो बाहेर पडतो. इतकं जीव लावून वाचल्यावर लेखकाने त्याला तिथेच कायमची नोकरी द्यावी असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि युन देत नाही. कंपनीत डिग्रीवाल्यांना जो दरवाजा उघडतो तो याला उघडत नाही, हे तो शेवटपर्यंत खरं ठेवतो.

म्हणून मी ‘कोसला’कडे वळले. १९६३ची कादंबरी, प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला येतो, म्हणजे तुझीच वाट. वसतिगृह, मेस, वडिलांकडून येणारे पैसे आणि त्या पैशांचं ओझं, परीक्षेचा विचका, शेवटी गावी परत. कॉलेजात असताना मी ती वाचली तेव्हा वसतिगृहातल्या टवाळीवर खूश होते. या वेळी मनीपाशी थांबले. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, आणि पुढे ते दुःख घेऊन तो अजिंठ्याला जातो. ती पानं मी ग्रंथालय बंद केल्यावर, दिवे मालवायच्या आधी, उभ्याने वाचली. तुझ्या अभ्यासिकेत अजिंठा म्हणजे लेणी किती, शतक कोणतं, एवढंच येत असेल. एकदा पांडुरंगाबरोबर जाऊन बघ.

मनी सोडली तर या कादंबरीत बायका फारशा नाहीत, आणि ते मला आता खटकतं. तरी ती तुला द्यावीशी वाटते, कारण नेमाडेसुद्धा पांडुरंगाला पास करत नाहीत. गावी परतलेल्या माणसाची किंमत निकालाच्या यादीवरून ठरवायला दोघेही लेखक तयार नाहीत. तुझ्या वयात हे कोणीतरी शांतपणे, दोनशे-तीनशे पानं खर्चून सांगायला हवं असतं. तेवढा वेळ घरच्यांकडे नसतो, क्लासवाल्यांकडेही नसतो.

चाळीस पानांपुढे जात नसशील तर ‘कोसला’ पहिल्या पानापासूनच धरायचा हट्ट करू नकोस. मधे डायरीचा भाग आहे, तुकड्या-तुकड्यांचा. मेसवरून आल्यावर रोज त्यातले दोन-चार तुकडे वाच. आणि वेबकॉमिक वाचताना मनाला खाऊ देऊ नकोस. तू वाचतच आहेस.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी ग्रंथालय चालवणाऱ्या व्यक्तीने मोबाईलवरच्या कॉमिक्सची शिफारस करावी, याचं वाईट वाटलं.

उत्तर : सर, तुमची काळजी खरी आहे. आमच्याकडे बालविभागाची पुस्तकं महिनोन्‌महिने जागची हलत नाहीत, तेव्हा मलाही झोप लागत नाही. पण एक उदाहरण ऐका. युकी किकुची या जपानी चित्रकाराने १२ डिसेंबर २०१९पासून ट्विटरवर रोज चार चौकटींची एक गोष्ट टाकायला सुरुवात केली. एक मगर आहे. टीव्ही बघते, उंदीर-मित्राला भेटते, कामावरच्या एका मगरीवर तिचा जीव जडलाय, रस्ता ओलांडणाऱ्या कोंबडीच्या पिल्लाला सांभाळून जा म्हणते. बाकी विशेष काही घडत नाही. फक्त शेवटच्या चौकटीखाली रोज एक ओळ असते : मरणाला इतके दिवस उरले. मगरीला ते ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. २० मार्च २०२०ला शंभर दिवस भरले.

ती टीव्हीपुढे लोळत हसते आणि आपली नजर खालच्या आकड्यावर जाते, मग पुन्हा तिच्या हसण्यावर येते, आणि आता ते हसणं आधीसारखं दिसत नाही. जे लिहिलेलं नाही ते वाचकाला स्वतः भरावं लागतं. वर्गात कविता शिकवताना तुम्ही मुलांकडून हेच करून घेतलं असेल. एका दिवसाची चौकट वाचून दुसऱ्या दिवसाची वाट पाहणं, हेही तुमच्या-माझ्या पिढीला नवीन नाही. मासिकातल्या क्रमशः कादंबरीसाठी आपण पोस्टमनची वाट पाहिलेली आहे. तुमच्या घरी नातवंडं असतील तर ही मगर त्यांच्याबरोबर बसून वाचा, आणि मग मला पुन्हा पत्र लिहा. तुमचं मत तेव्हाही हेच असेल तर मी ते याच सदरात छापायला देईन.

प्रश्न : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. जाड पुस्तक झेपत नाही. लहानशी पण दमदार कादंबरी सुचवाल का? इंग्रजी चालेल. (लातूर)

उत्तर : विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’. मूळ कन्नड, मी श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद वाचला. बंगळूरचं एक कुटुंब, काकाच्या मसाल्याच्या धंद्यावर एकाएकी श्रीमंत झालेलं. जुन्या, लहान घरात मुंग्यांचा सुळसुळाट असतो आणि घरातली माणसं त्यांना मारायला लागतात, आधी नाइलाजाने, मग सवयीने, मग चवीने. त्या पानांवर जरा रेंगाळा, पुढच्या घरात जे घडतं त्याची तयारी तिथेच होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करा, कारण धरल्यावर एका बैठकीत संपवाल.