घरी वाढवलेलं पोवळं कापलं, तर ती शिकार कशी?

प्रश्न : वकीलसाहेब, चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी मुंबईहून खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी जिवंत कोरल, म्हणजे पोवळी, आणले. पक्कं बिल नाही. दुकानदार म्हणाला, इंडोनेशियाचा फार्मचा माल आहे. ते इतके वाढले की वर्षभरापासून मी तुकडे करून विकून राहिलो. ११ तुकडे गेले. अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाकडे तीन तुकडे मेले. आता तो म्हणतो, १८ हजार परत दे, नाहीतर वनखात्याला कळवतो. मी समुद्रातून काहीच तोडलं नाही. घरी वाढवून समुद्रावरचा ताण उलट कमीच केला. मग मी गुन्हेगार कसा?

उत्तर : भाऊ, मांडूळ, खवल्या मांजर, रानडुकराचं मटण अशी प्रकरणं माझ्या टेबलावर नेहमीची. समुद्र इथून शेकडो कोस दूर, त्यामुळे पोवळ्याचं प्रकरण पहिल्यांदाच आलं. पण कायदा तोच लागतो, जो तुमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२.

पोवळं दिसतं दगडासारखं किंवा झुडपासारखं, पण तो प्राणी आहे, आणि कायद्यातल्या ‘प्राणी’ या शब्दात बिनकण्याचे जीवही येतात. २००१ साली समुद्रात खडक बांधणारी दगडी पोवळी, काळं पोवळं, अग्निपोवळं, समुद्रपंखे वगैरे अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घातली गेली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, तरी ती तिथेच राहिली. म्हणजे पंगत वाघाची. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत फांद्यांचं अ‍ॅक्रोपोरा आणि लांब बोटांचं ‘टॉर्च’ दिसतंय. दोन्ही दगडी पोवळ्यांत मोडतात. कोपऱ्यातले बटनांसारखे झोआ, म्हणजे पोवळ्यांचे मऊ भाऊबंद, त्या यादीत नावाने नाहीत, पण कुठला जीव कुठल्या गटातला हे तुम्ही-मी ठरवत नसतो. खातं नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे पाठवतं आणि तिथला अहवाल कोर्टात चालतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ‘मी तोडलं नाही, वाढवलं.’ कलम २(१६) मधली ‘शिकार’ची व्याख्या सावकाश वाचा. प्राण्याला मारणं, पकडणं एवढ्यावर ती थांबत नाही. त्याला इजा करणं किंवा त्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणं हीदेखील शिकार आहे, आणि ती जंगली प्राण्यासोबत बंदिस्त प्राण्यालाही लागू होते. एका फोटोत बोनकटरच्या पात्यांत अडकलेली फांदी आहे. कापलेलं टोक खडूसारखं पांढरं, त्यावरून बुळबुळीत चिकट द्रव ओघळतोय, बाजूला सुपरग्लूची ट्यूब आणि टाइलचा तुकडा. तुमच्यासाठी ते रोप लावणं आहे. फिर्यादी पक्ष तोच फोटो व्याख्येशेजारी ठेवील आणि त्याला फार बोलावं लागणार नाही.

इंडोनेशियाचा बचावही लंगडा आहे. यादी म्हणते ‘सर्व’ दगडी पोवळी. कुठल्या देशाच्या पाण्यातली हे ती विचारत नाही. शिवाय दगडी पोवळी ‘साइट्स’ या दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणून परदेशी मालामागेही परवान्याचे कागद लागतात. तुमच्याकडे साधं बिल नाही. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले, मुदत २८ ऑगस्ट २०२४ पर्यंत होती. तुमच्या पत्रात नोंदणीचा उल्लेखच नाही. आणि कलम ५७ प्रमाणे वस्तू ताब्यात सापडली की ताबा बेकायदा असल्याचं गृहीत धरतात. तो कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर.

बरं, नीतीचं काय? तुमचा युक्तिवाद मला मनापासून पटतो, अर्धा. परदेशात छंदी लोक एकमेकांत तुकडे वाटतात, आणि जो तुकडा घरात वाढतो तेवढा खडकावरून उचलावा लागत नाही, हे खरंच आहे. गोलाकार दगडी पोवळं वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. समुद्रात छिन्नी मारली तर भरून यायला एक पिढी जाते. म्हणून घरची लागवड वाईट, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या टाकीतली पहिली फांदी आली कुठून? दुकानदाराच्या तोंडी शब्दापलीकडे तुम्हालाही ठाऊक नाही. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातून रात्री तोडून आणलेला तुकडा टाइलवर चिकटवला, महिनाभर वाढू दिला, की तो तुमच्या तुकड्यासारखाच दिसतो. तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसाचा बिनकागदाचा माल बाजारात फिरतो, तेव्हा चोराचा माल त्याच्याआड लपतो. घरी वाढवलेल्या पोवळ्याची नोंद घेणारी वेगळी सोय कायद्यात असायला हवी होती, हे माझं मत. आज ती नाही, आणि माझ्या मतावर जामीन मिळत नाही.

शिक्षेचं सरळ सांगतो. अनुसूची १ च्या प्राण्याबाबत किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. गुन्हा अजामीनपात्र. किमान कैद ठरलेली असल्याने खात्याकडे रक्कम भरून तडजोड होत नाही. ‘साहेबाला भेटून मिटवून देतो’ म्हणणारा कुणी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

अमरावतीच्या गिऱ्हाइकाचं. त्याने ते विकत घेतले, बाळगले. तोही त्याच कायद्याच्या कचाट्यात आहे, हे बहुधा त्याला कळलेलं नाही. बेकायदा वस्तूच्या सौद्याचे पैसे दिवाणी कोर्टातून त्याला मिळणार नाहीत, कारण असा करार मुळातच रद्द. तक्रारीची धमकी देऊन पैसे मागणं हा खंडणीचा प्रकार होऊ शकतो. त्याचे मेसेज जपून ठेवा, पण त्याला उलट धमकी देऊ नका. गप्प राहण्याची किंमत म्हणून एक रुपयाही देऊ नका. १८ हजार यूपीआयने गेले की तो तुमच्याच व्यवहाराचा आणखी एक पुरावा, आणि गुन्हा जिथल्या तिथे.

आता काय करायचं? विक्री आजपासून बंद. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून थर्माकोलचा डबा पुन्हा कुठे जाता कामा नये. घाबरून टँक नाल्यात रिकामा करू नका. कलम ३९ खाली असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, तो नष्ट करणं हा वेगळा गुन्हा, वर पुरावा मिटवल्याचा ठपका. चॅटही पुसू नका. असा प्राणी हाती आल्यापासून ४८ तासांत कळवायला हवं होतं, तुम्हाला चार वर्षं उशीर झालाय. तरी स्वतःहून दिलेला लेखी अर्ज आणि छाप्यात सापडलेली टाकी यांत जामिनाच्या वेळी फार फरक पडतो. (मालकी प्रमाणपत्रवाल्यांसाठी प्राणी परत करण्याची कलम ४२-क ची सोय आहे. तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही, तेव्हा कुणी ते कलम दाखवलं तर भुलू नका.)

अर्ज एकट्याने लिहू नका. चंद्रपुरात फौजदारी काम करणारा वकील गाठा, सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी तयार ठेवा, मग उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात कागद द्या. त्यात किती सांगायचं हे वकील ठरवील, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण जे लिहाल त्यात एक अक्षर खोटं नको. मेलेल्या पोवळ्यांचे पांढरे सांगाडे शोकेसमध्ये ठेवले असतील, तर तेही वकिलाला सांगा. एक गोष्ट गाठीला बांधा : पोलिसासमोरची कबुली पुराव्यात येत नाही, पण या कायद्यात सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने तुमच्यासमक्ष नोंदवलेला जबाब कोर्टात ग्राह्य धरला जातो. वाचल्याशिवाय सही करू नका.

अर्ज दिल्यावर शिक्का-तारखेची पोच घ्या. आणि खात्याची माणसं येईपर्यंत टाकीचं पाणी थंड ठेवणारा चिलर चालू ठेवा, इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घ्या. आपल्याकडच्या उन्हात दुपारभर लाइट गेली तरी ती टाकी उकडून निघेल, आणि त्यात आता तुमचं काही नाही, सगळं सरकारचं आहे.