लीक झालेला बीटा ब्राउझर टाकून पाहावा का?

ग्रुपवर फायरफॉक्स ब्राउझरची 'लीक' झालेली बीटा (चाचणीची आवृत्ती) एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, आलीय, टाकू का, असं विचारलंय. नका टाकू. कच्ची आवृत्तीच हवी असेल तर फायरफॉक्सचीच नाइटली नावाची कच्ची आवृत्ती प्ले स्टोअरवर राजरोस मिळते, नेहमीच्या फायरफॉक्सशेजारी वेगळी बसते. क्रोमचीही अशीच कच्ची आवृत्ती, कॅनरी, कॉम्प्युटरवर २०१० पासून आहेच. लीक व्हायला उरलंय काय?

ती फाइल आधीच्या फायरफॉक्सवर अपडेट म्हणून टाकायला गेलात तर बहुतेक 'ॲप इन्स्टॉल झाले नाही' असं येईल. अँड्रॉइड अपडेट करताना जुन्या ॲपची डिजिटल सही (ॲप कुणी बनवलं याची खूण) नव्या फाइलशी ताडून बघतं. जुळली नाही की नकार. मग ग्रुपवरचा एखादा हुशार सांगतो, "आधीचं काढ, मग बसेल." खरी मेख इथेच आहे. जुनं काढलं की ताडायला सहीच उरत नाही. पुढे त्यात लॉग-इन करून आपले पासवर्ड आपणच उपऱ्याच्या हाती देतो.

मी स्वतः नाइटली वापरतो, पण बँकेचं काम तिच्यात करत नाही. कॉम्प्युटरवर टाकलीत तर प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज यांचा साठा) वेगळं ठेवा. नाइटलीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलं की फायरफॉक्स (आवृत्ती ६७ पासून) अडवतं आणि नवं बनवायला सांगतं.