दादा कुठे आहे, ते सांगून टाक

बेटा,

काल तुझी आई पुन्हा म्हणाली, "थोरल्याला सुट्टीच मिळत नाही." तू शेजारी मान खाली घालून उभा. मला राग आला.

लपवू नका. तुझा दादा चोरवाटेने गेलेला नाही. ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, अमेरिकेत वीस वर्षं राहिला, कर भरला. इथलं, चोपडा गावातलं लग्न उरकून परतला आणि विमानतळावरच अडकून इमिग्रेशनच्या कोठडीत गेला, कारण जुना गुन्हा नोंदलेला असला की ग्रीन कार्डवाल्यालाही नव्याने प्रवेश मागणारा ठरवता येतं. ही शिक्षा नव्हे. शिक्षेला शेवटची तारीख तरी असते! अशा केसमध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाला जामीन देता येत नाही. ठरावीक महिन्यांनी जामिनाची सुनावणी द्यावी असं तिथल्या इमिग्रेशन कायद्यात नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगून टाकलं. सरकार वकीलही देत नाही. कोठडी लांबली तर फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडी बेकायदेशीर आहे म्हणून सुटकेचा अर्ज; तो वकील बघेल.

तुमचं काम वेगळं. हद्दपारी रद्द करण्याचा अर्ज बसत असेल, तर न्यायाधीश माणसाची मुळं बघतो: बायको-पोरं, नोकरी, तो गेला तर कुणाचे हाल होतील. ती पत्रं मामा-मावश्या, जुने मास्तर लिहिणार. पण त्यांना कळलंच नाही तर कसली पत्रं?

1975 ला आणीबाणीत माझे वडील मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या तुरुंगात होते. त्यांनाही तारीख नव्हती. आईने अमळनेरात सांगितलं, बदली झालीय. वर्गात मीही तेच सांगायचो. ते 1977 ला सुटेपर्यंत किराण्याची उधारी चढत गेली आणि आमच्या ओट्यावर कुणी फिरकलं नाही. येणार कसं? आईला दोष देत नाही, पण तिचं ते एकटेपण मला अजून सलतं. म्हणून मी सगळं चारचौघांत बोलतो. लोक तोंडाळ म्हणतात, म्हणू देत.

आता तुझी पुतणी. बाबा कामाला गेलेत, असं म्हणायला शिकवलंय तिला. म्हणून ती आजीशी फोनवर बोलायलाच येत नाही. सहा वर्षांच्या पोरीवर हे ओझं कशाला रे?

लपवू नका म्हणजे फोनवर केस उगाळा असं नव्हे. तिथले कॉल रेकॉर्ड होतात; दादाशी पोरांचं, जेवणाखाण्याचं बोला. आणि वकिलाने वाचल्याशिवाय त्याने कशावरही सही करू नये.

रविवारी आईला घेऊन ये. मामांना मी बोलावलंय, त्यांच्यासमोर तूच सांग. पत्रं मराठीतच लिहा, इंग्रजी भाषांतर आणि त्याचं प्रमाणपत्र मी बघतो. वहिनीकडून दादाचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनच्या फाइलचा नंबर, घेऊन ठेव.

तुझा,
काका