टेरेस म्हणजे गच्ची, पण बाथमध्ये नव्हे

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या बाथ शहरावरच्या एका लेखात ‘रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची टेरेस आहे’ असं वाक्य आहे. अनुवाद करताना टेरेससाठी काय लिहावं? गच्ची, चाळ की रो हाऊस?

गच्ची नक्कीच नाही. रॉयल क्रेसेंटवर कठड्यामागे उतरती छपरं आहेत, गच्ची नाहीच. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘टेरा’, म्हणजे जमीन. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा मातीचा भराव घालून केलेली उंच सपाट जागा असा त्याचा अर्थ होता. डोंगरउतारावर भातासाठी पायऱ्या करण्याला आपलं कृषी खातं ‘मजगी’ म्हणतं; मूळ अर्थाला तो शब्द फार जवळचा आहे. पुढे एक अर्थ सपाट छपराकडे गेला आणि आपल्याकडे तोच रुळला. दुसरा घरांकडे वळला. लंडनमध्ये ॲडम बंधू या वास्तुकारांनी १७६८ पासून थेम्सच्या काठावर कमानींच्या तळघरांवर उंच जागा तयार केली आणि तिच्यावर ॲडेल्फी नावाची घरांची ओळ बांधली. जागेचा शब्द घरांना चिकटला. मग खाली उंचवटा असो वा नसो, भिंतीला भिंत लागून असलेल्या एकसारख्या घरांच्या ओळीला टेरेस म्हणायची रीत पडली.

बाथमध्ये मात्र ‘ओळ’ एवढ्यानं भागत नाही, आणि अनुवाद करताना हेच निसटण्याचा धोका आहे. वास्तुकार थोरल्या जॉन वुडनं १७२८ पासून क्वीन स्क्वेअर हा चौक बांधताना उत्तरेकडच्या सात घरांना मिळून एका राजवाड्याचा चेहरा दिला: मध्ये त्रिकोणी शिखर, दोन्ही टोकं किंचित पुढे. घरं वेगळी, दर्शनी भाग एक. त्याच्या मुलानं, धाकट्या जॉन वुडनं, हीच कल्पना १७६७ ते १७७५ या काळात रॉयल क्रेसेंटमध्ये चंद्रकोरीच्या आकारात वाकवली. तीस घरं, सुमारे दीडशे मीटर लांबी, सगळं मधाळ रंगाच्या स्थानिक दगडात. तळमजला मुद्दाम साधा ठेवलेला; त्याच्यावरून प्राचीन ग्रीक आयोनिक शैलीचे खांब दोन मजले उंच चढतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच लय चालू राहते. एक घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते खांबांवरून कळतच नाही.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वुडनं आखला तो फक्त दर्शनी भाग. गिऱ्हाईकानं त्यातली ठरावीक लांबी विकत घ्यायची आणि मागचं घर स्वतःचा वास्तुकार लावून हवं तसं बांधायचं. त्यामुळे पुढून काटेकोर शिस्त, तर मागून छपरांची उंची आणि घरांची मागे जाणारी लांबी जिथेतिथे वेगळी. मला ही इमारत या कारणासाठी अतिशय आवडते: तीस मालकांचं स्वातंत्र्य आणि शहराला मिळालेला एक चेहरा, दोन्ही तिनं सांभाळलं.

आता मराठी शब्दांकडे. चाळ इथे चालणार नाही. चाळीत सामाईक गॅलरीवर खोल्या उघडतात आणि बिऱ्हाडं आडवी मांडलेली असतात. इथे प्रत्येक घर तळघरापासून माळ्यापर्यंत उभं आणि स्वतंत्र आहे. वाडा तर उलट स्वभावाचा: तो आतल्या चौकाकडे तोंड करतो, ही घरं समोरच्या हिरवळीकडे. रचनेच्या दृष्टीनं जवळचं नातं रो हाऊसशीच आहे, कारण शेजारच्या घराशी भिंत सामाईक. पण पुण्या-नाशकातल्या वाचकाला रो हाऊस म्हटलं की आपापलं फाटक असलेली नव्या वसाहतीतली घरं दिसतात, अठराव्या शतकातला राजवाड्यासारखा दर्शनी भाग दिसत नाही. म्हणून बाथसाठी मी तो वापरणार नाही.

त्याच लेखात ‘टाउनहाऊस’ही येईल. त्याचं नुसतं ‘शहरातलं घर’ करू नये. गावाकडे जमीनजुमला असलेली मंडळी गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि मेजवान्या-नाचगाण्यांसाठी हंगामात बाथला येत, तेव्हा अशी घरं भाड्यानं घेत. ‘हंगामी मुक्कामाचं शहरी घर’ असं एकदा लिहून पुढे टाउनहाऊस ठेवावं.

तुमच्या वाक्यासाठी मी असं सुचवेन: ‘रॉयल क्रेसेंट म्हणजे एकाच राजवाड्यासारखा दर्शनी भाग असलेली, चंद्रकोरीच्या आकारातली तीस घरांची सलग ओळ.’ वाक्य लांबलं तरी चालेल. पुढे नुसतं ‘घरांची ओळ’ म्हणा. लंडनमधल्या ‘कम्बरलंड टेरेस’सारख्या विशेषनामात मात्र टेरेस तसंच राहू द्या.