लेझर बरोबर दाखवतोय तरी दुर्बिणीत ताऱ्यांना शेपूट का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की १५० मिमी एफ/५ (म्हणजे फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियन दुर्बिणीचा मुख्य आरसा धुवून परत बसवला, लेझरने कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, केलं, लाल ठिपका जिथे यायला हवा तिथे येतोय, तरी ताऱ्यांना शेपूट दिसतं, आणि वर फोकसरमधून (जिथे आयपीस बसते ती नळी) बघितलं की सेकंडरीची, म्हणजे प्रकाश बाजूला वळवणाऱ्या छोट्या आरशाची, काळी आकृती एका बाजूला सरकलेली दिसते.

आधी एक तारा बरोब्बर मध्ये आणा आणि बघा. मधला तारा नीट टिंब दिसतोय आणि फक्त कडेच्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूला शेपट्या आहेत, तर तो कोमा नावाचा दोष, पॅराबोलिक (परवलयाकार) आरशात तो असतोच, स्क्रू कितीही फिरवा जात नाही. पण मधल्या ताऱ्यालाच शेपूट असेल तर आरसा तिरका बसलाय. एफ/५ ला कोमा न जाणवणारा भाग जेमतेम २.८ मिमीचा असतो, एफ/८ ला तोच ११ मिमी, म्हणून एफ/८ वाल्यांचं थोडं चुकलं तरी खपून जातं आणि आपलं खपत नाही.

आता लेझर. तो फोकसरमध्ये हलकेच गोल फिरवा आणि मुख्य आरशावरचा ठिपका बघा. ठिपका जागेवर न राहता गोल काढत असेल तर लेझरच वाकडा आहे. मग होतं काय, त्या वाकड्या किरणाप्रमाणे तुम्ही सेकंडरी वाकडी लावता, तिच्याप्रमाणे मुख्य आरसा लावता, किरण व्यवस्थित परत येतो आणि सगळं जुळलं असं वाटतं! मी यात कितीतरी रात्री घालवल्या आहेत म्हणून कळकळीने सांगतोय, मुख्य आरशासाठी चेशायर वापरा. साधी नळी असते, बॅटरी नाही काही नाही. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, डोळा लावला की एक उजळ कडं दिसतं, त्याच्या मधोमध काळं भोक, आणि तिथेच कुठेतरी बाजूला मुख्य आरशावर चिकटवलेली छोटी रिंग. मागचे तीन स्क्रू पाव फेरा, त्याहून कमीच, फिरवत ती रिंग त्या कड्याच्या मधोमध आणायची, बस. सेकंडरी किंचित चुकलेली असली तरी हे माप फारसं बिघडत नाही, म्हणूनच माझा त्याच्यावर भरवसा आहे. (धुताना रिंग निघाली असेल तर मोजून परत लावा, ती सेकंडरीच्या सावलीत असते त्यामुळे प्रतिमेला काही होत नाही.) लॉक स्क्रू आवळल्यावर परत एकदा बघा, आवळताना आरसा हमखास सरकतो.

सेकंडरीच्या त्या सरकलेल्या सावलीला मात्र हात लावू नका. एफ/५ सारख्या कमी फोकल रेशोच्या न्यूटोनियनमध्ये सेकंडरी मुख्य आरशाच्या बाजूला थोडी सरकलेलीच असावी लागते, म्हणून ती सावली मध्ये दिसत नाही, मी ती मध्ये आणायला दोन संध्याकाळ झटत होतो आणि चांगली बसलेली सेकंडरी बिघडवून ठेवली. सेकंडरीची बाहेरची कड फोकसरखाली गोल दिसते का आणि तिच्यात मुख्य आरसा धरून ठेवणाऱ्या सगळ्या क्लिपा दिसतात का, एवढंच तपासा. तिचे स्क्रू फिरवायची वेळ आलीच तर नळी आडवी ठेवा, पाना हातातून सुटला तर आरशावर पडायला नको.

शेवटी ताऱ्यावर. दुर्बीण बाहेर तासभर थंड होऊ द्या, मग १५० ते २०० पट मोठं करून ध्रुवतारा बघा, तो जवळपास जागचा हलत नाही म्हणून सोपा पडतो. फोकस अगदी थोडासा बाहेर काढा, जास्त काढलात तर चूक लपते. तारा पसरून जी कडी दिसतात ती एकात एक सारखी दिसली पाहिजेत. एका बाजूला दाटली असतील तर मुख्य आरशाचा एक स्क्रू किंचित फिरवा, तारा परत मध्ये आणा आणि मगच ठरवा सुधारलं की बिघडलं.

आणि हो, कडी गोल न दिसता तिकोनी दिसली तर कॉलिमेशनच्या मागे लागू नका. आरसा परत बसवताना क्लिपा जास्त आवळल्या गेल्या असणार, कागदाची चिठ्ठी क्लिपेखालून सरकेल इतपत सैल करा.