रेमुलाड पहिल्यांदाच करतोयस तर

अरे, अमेरिकेतल्या लुइझियानाचं रेमुलाड, म्हणजे तिकडचा तिखट सॉस, करायचाय ना, मग फ्रेंच रेसिपी बघत बसू नकोस, ते फिकं नि सौम्य असतं, तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहरवाल्यांनी पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीपूड), केयेन (जहाल मिरचीपूड), लसूण घालून त्याचा पार रंगच बदललाय. एक कप मेयोनेजला दोन मोठे चमचे क्रिओल मस्टर्ड, म्हणजे ती जाडसर, दाणे दिसणारी मोहरी. हॉटडॉगवरची पिवळीधमक अजिबात नको, नुसतीच आंबट लागते. मग चमचाभर पॅप्रिका, पाव चमचा केयेन, एक चमचा हॉर्सरॅडिश (झणझणीत मुळाचा कीस), थोडा किसलेला लसूण, लिंबू, जरासं वुस्टरशायर सॉस, टबॅस्को (तिखट मिरची सॉस). पातीचा कांदा, सेलरी, केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या) अगदी बारीक चिरायचे, आणि केपर्स आधी निथळून घट्ट पिळून घे नाहीतर सॉस पाणचट होतो. मीठ सगळ्यात शेवटी, मोहरी-केपर्स आधीच खारट असतात. चाखून लगेच तिखट वाढवू नकोस हं, फ्रिजमध्ये दोन तास राहिलं की केयेन आणि लसूण चढतात. तळलेल्या कोळंबीच्या पो-बॉयमध्ये (तिकडचं लांब पावाचं सँडविच) पावाला दोन्हीकडून लाव, उकडलेल्या थंड कोळंबीवर तर मला जास्तच आवडतं. मेयोनेजशिवाय तेलात केलेलं लालभडक रेमुलाडपण तिकडे असतं, पण ते हात बसल्यावर कर.