वाचकांचे प्रश्न : क्वार्टरबॅक कोणाच्या हाती पडतो?

अमेरिकन फुटबॉलविषयी मराठवाड्यातील वाचकांकडून आलेल्या अलीकडच्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच मुद्द्याकडे होता. व्यावसायिक क्वार्टरबॅकचे यश त्याच्या गुणांवर किती अवलंबून असते आणि तो ज्या संघात जातो त्या संघावर किती, असा तो मुद्दा आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त मिनियापोलिसला असतो. २०२४ च्या हंगामात तो फोनवर क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डचे कौतुक करीत असे आणि हाच खेळाडू न्यूयॉर्कमध्ये पूर्ण अपयशी ठरला होता, असेही सांगत असे. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. सहा-सात वर्षांत एखाद्याची मूळ गुणवत्ता एवढी बदललेली मी पाहिलेली नाही. मग नेमके बदलले काय? — निवृत्त क्रीडाशिक्षक, लातूर

उत्तर : आपला अनुभव इथेही खरा ठरतो. डार्नल्डचा हात २०१८ मध्येही उत्तमच होता आणि म्हणूनच न्यूयॉर्क जेट्सने त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले होते.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी क्वार्टरबॅकचे काम सांगतो. मैदानावर प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. पास टाकायचा असतो तेव्हा क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड लाईनमन उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवतात आणि त्यांच्या आडोशाने त्याला साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात समोरच्या बचावाची मांडणी ओळखायची, ठरलेल्या वाटांनी धावणाऱ्या रिसीव्हरांपैकी, म्हणजे पास झेलणाऱ्या सहकाऱ्यांपैकी, कोण मोकळा होणार याचा अंदाज बांधायचा आणि अनेकदा तो रिसीव्हर वळून पाहण्याच्या आधीच चेंडू सोडायचा असतो. कोणता डाव खेळायचा हे बहुधा प्रशिक्षक ठरवतात आणि हेल्मेटमधील रेडिओवरून कळवतात. डाव सुरू करण्यासाठी मिळणाऱ्या चाळीस सेकंदांपैकी पंधरा उरले की हा रेडिओ बंद होतो. त्यामुळे आकडेवारीत जी फेक एकट्या क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिली जाते, ती घडवण्यात पाच लाईनमन, रिसीव्हर आणि डाव निवडणारा प्रशिक्षक या सर्वांचा हात असतो.

आता डार्नल्डकडे येऊ. जेट्सने त्याला एकविसाव्या वर्षी, पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवले. त्याच्या पहिल्या हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक बदलले गेले आणि नव्या प्रशिक्षकांच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, संघ सोळापैकी चौदा सामने हरला. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध जेट्सचा ३३-० असा पराभव झाला होता. त्या सामन्यात आपल्याला भुते दिसत आहेत, असे तो बाकावर बसून म्हणाला, ते मायक्रोफोनने टिपले आणि देशभर त्याची थट्टा झाली. ती थट्टा मला आजही अन्यायाची वाटते, कारण त्याने एका खऱ्या शारीरिक प्रक्रियेचे प्रामाणिक वर्णन केले होते. ज्या क्वार्टरबॅकला वारंवार पाडले जाते, त्याची नजर हळूहळू दूरच्या रिसीव्हरांवरून हटून जवळच्या झटापटीकडे वळू लागते. आडोसा भक्कम असला तरी त्याला धोका जाणवतो, पाय वेळेआधी हलतात आणि फेकीचा ताल बिघडतो. संघाच्या दुबळेपणाचा परिणाम असा खेळाडूच्या शरीरात उतरतो, आणि पुढे चांगली लाईन मिळाली तरी ही सवय लगेच सुटत नाही.

२०२१ मध्ये त्याला कॅरोलिनाकडे देण्यात आले. तिथे तोच हंगाम चालू असताना आक्रमणाची आखणी करणाऱ्या समन्वयकाला आणि पुढच्या हंगामात मुख्य प्रशिक्षकाला हटवण्यात आले. २०२३ हे वर्ष त्याने सॅन फ्रान्सिस्कोत राखीव खेळाडू म्हणून काढले. बाहेरून हे वर्ष वाया गेल्यासारखे दिसते, पण माझ्या मते त्याच्या कारकिर्दीला कलाटणी इथेच मिळाली. तिथले मुख्य प्रशिक्षक काइल शॅनहॅन यांची आक्रमणाची रचना देशातील सर्वांत सुसूत्र रचनांपैकी एक मानली जाते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला ब्रॉक पर्डी त्याच रचनेत संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. सामने जिंकण्याचे ओझे अंगावर नसताना ही रचना रोज जवळून पाहण्याची संधी डार्नल्डला मिळाली.

नंतर मिनेसोटा, म्हणजे आपल्या मुलाच्या मिनियापोलिसचा संघ, आले. तिथले मुख्य प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले आहेत आणि जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर त्या संघात होता. संघाने त्या वर्षी जे. जे. मकार्थी हा नवा क्वार्टरबॅक निवडला होता. हंगामापूर्वी त्याचा गुडघा दुखावला आणि जागा डार्नल्डकडे आली. त्याने ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन पास (ज्यांवर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या अखेरच्या पट्ट्यात पोहोचून गुण मिळतात असे पास) नोंदवले आणि संघाने सतरापैकी चौदा सामने जिंकले. मात्र चित्राची दुसरी बाजूही आपल्या मुलाने पाहिलेली असेल. साखळीच्या शेवटच्या सामन्यात डेट्रॉइटने ३१-९ अशी मात केली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला नऊ वेळा पाडून २७-९ असा विजय मिळवला. आडोसा कोसळताच न्यूयॉर्कमधला डार्नल्ड पुन्हा दिसू लागला. मिनेसोटाने त्याला जाऊ दिले आणि २०२५ मध्ये सिएटलने त्याच्याशी करार केला.

प्रश्न : पहिल्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू सर्वांत गुणी असायला हवा. तरीही असे अनेक क्वार्टरबॅक पुढे फिके का पडतात? — महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : याचे एक कारण निवडीच्या नियमातच आहे. मागच्या हंगामात जो संघ सर्वांत तळाशी राहिला, त्याला पहिली निवड मिळते. स्पर्धेत समतोल राहावा म्हणून हा नियम योग्यच आहे, परंतु त्यामुळे सर्वांत आशादायक तरुण बहुधा सर्वांत मोडकळीस आलेल्या संघाच्या हाती पडतो. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ नव्यानेच मैदानात उतरला आणि त्याने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच हंगामात त्याला ७६ वेळा चेंडूसह पाडण्यात आले. एका हंगामातील हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे, आणि ज्या लाईनने तो घडवला तिचे नाव कोणालाही आठवत नाही.

२००५ चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने ॲलेक्स स्मिथला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि ॲरन रॉजर्स २४ व्या क्रमांकापर्यंत घसरून ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. स्मिथला लगेच खेळवण्यात आले. पहिल्या पाच हंगामांत त्याच्या वाट्याला पाच वेगवेगळे आक्रमण-समन्वयक आले, म्हणजे दर वर्षी डावांची नवी नावे, नव्या खुणा आणि पायांच्या नव्या हालचाली शिकाव्या लागल्या. रॉजर्स मात्र तीन वर्षे ब्रेट फार्व्हच्या मागे राखीव राहिला, २००८ मध्ये त्याला जागा मिळाली आणि २०१० च्या हंगामात त्याने सुपर बोल जिंकला. विशेष म्हणजे स्मिथच्या पहिल्या वर्षीचे समन्वयक माइक मकार्थी हेच पुढच्या वर्षी ग्रीन बेचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्यांचे मार्गदर्शन स्मिथला एकच हंगाम लाभले, ते रॉजर्सला वर्षानुवर्षे लाभले. स्मिथवर तोवर अपयशाचा शिक्का बसला होता. २०११ मध्ये जिम हार्बॉ प्रशिक्षक म्हणून आल्यावर त्याच स्मिथच्या संघाने सोळापैकी तेरा सामने जिंकले. पुढे तो कॅन्सस सिटीत गेला आणि २०१७ मध्ये पॅट्रिक महोम्स हा तरुण तिथे त्याच्या मागे वर्षभर शिकला. स्वतःला जी उसंत कधी मिळाली नाही, ती स्मिथमुळे दुसऱ्याला मिळाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : सगळे श्रेय परिस्थितीला दिले, तर मोठ्या खेळाडूंचे मोठेपण कुठे उरते? टॉम ब्रॅडी दोन संघांत जिंकला, हे आपण कसे समजावून सांगाल? — अभियंता, नांदेड

उत्तर : आपला आक्षेप मान्य आहे. ब्रॅडी २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि न्यू इंग्लंडसाठी त्याने सहा सुपर बोल जिंकले. २०१९ मध्ये टँपा बे संघाने सोळापैकी सातच सामने जिंकले होते. २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक तेच असताना ब्रॅडी आला आणि संघ विजेता ठरला. त्याच वर्षी त्याच्याविना न्यू इंग्लंडला सातच विजय मिळाले. इतका स्वच्छ पुरावा खेळात क्वचितच सापडतो. तरी हेही लक्षात घ्यावे, की पहिल्या वर्षी ब्रॅडीला जवळजवळ खेळवलेच गेले नव्हते, आणि माइक इव्हान्ससारखे रिसीव्हर असलेला टँपाचा संघ त्याने स्वतः पारखून निवडला होता.

महोम्सचेच पाहा. आजच्या क्वार्टरबॅकांमध्ये त्याचे स्थान वादातीत आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये दोन्ही टोकांचे नेहमीचे लाईनमन दुखापतीमुळे बाहेर होते. तो सामनाभर जीव वाचवत पळत राहिला आणि एकही टचडाउन न होता संघ ३१-९ असा हरला. व्यवस्थापनाने पुढच्या हंगामात पाचही जागांवर नवे लाईनमन उभे केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध त्याला एकदाही पाडता आले नाही आणि संघ ३८-३५ असा जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याने त्याला सहा वेळा पाडले आणि ४०-२२ असे हरवले. महोम्स तिन्ही वेळा महोम्सच होता.

आपल्याला अदलाबदलीचाच पुरावा हवा असेल, तर २०२१ मध्ये डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड आणि रॅम्सचा जॅरेड गॉफ या क्वार्टरबॅकांची झाली ती पाहावी. स्टॅफर्डने डेट्रॉइटमध्ये बारा हंगामांत प्लेऑफचा एकही सामना जिंकला नव्हता. रॅम्सकडे गेल्यावर पहिल्याच हंगामात तो सुपर बोल विजेता ठरला. नको झालेला म्हणून डेट्रॉइटला पाठवलेल्या गॉफने त्या संघाची पुनर्बांधणी होईपर्यंत धीर धरला आणि जानेवारी २०२४ मध्ये स्टॅफर्डच्याच रॅम्सना २४-२३ असे हरवून तीन दशकांनंतरचा पहिला प्लेऑफ विजय मिळवून दिला. असा धीर संघ देत नाही, तो खेळाडूचा स्वतःचा असतो, आणि आपण विचारलेले मोठेपण मला प्रामुख्याने तिथे दिसते.

प्रश्न : मी कबड्डीचा प्रशिक्षक आहे. तालुक्याच्या संघात चमकणारा चढाईपटू जिल्हा संघात गेल्यावर निष्प्रभ होतो, हे असेच आहे का? — परभणी

उत्तर : काही अंशी. चढाईच्या क्षणी चढाईपटू एकटाच असतो. क्वार्टरबॅक मात्र प्रत्येक फेकीत इतरांवर विसंबून असतो. पण आपला चढाईपटू बाद झाल्यावर त्याला पुन्हा मैदानात आणण्यासाठी सहकाऱ्यांना गुण घ्यावेच लागतात, आणि बचावफळी दुबळी असेल तर उत्तम चढाईपटूही बाहेर बसून राहतो. जिल्हा संघात त्याला केवळ दोन कोऱ्या चढायांनंतरच्या ‘करो या मरो’ चढाईसाठी पाठवले जाते का, हे आधी तपासावे. तसे असेल, तर त्याची कामगिरी घसरण्याचे कारण त्याच्यात शोधणे घाईचे होईल.

प्रश्न : नव्या हंगामात एखादा तरुण क्वार्टरबॅक पाहताना सामान्य प्रेक्षकाने कशाकडे लक्ष द्यावे? — अंबाजोगाई

उत्तर : पहिले काही सामने चेंडूकडे न पाहता पाच लाईनमनकडे पाहावे. क्वार्टरबॅकला तीन सेकंद उभे राहता येते का, पाडले जाण्याचे प्रसंग लाईन फुटल्यामुळे येतात की त्याने चेंडू फार वेळ धरून ठेवल्यामुळे, हे डोळ्यांना थोड्या सरावाने कळते. दुसरा प्रकार त्याचा स्वतःचा दोष असतो आणि तो संघाच्या माथी मारू नये. समन्वयक मागच्या वर्षीचाच आहे की नवा, हेही माहीत करून घ्यावे. पेटन मॅनिंगने १९९८ च्या पहिल्या हंगामात २८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले आणि संघ तेरा सामने हरला. इंडियानापोलिसने त्याला आणि समन्वयक टॉम मूर यांना तसेच ठेवले आणि पुढच्या वर्षी तेरा सामने जिंकले. रविवारी दुपारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे मागे गेली की साडेअकराला सुरू होतात.